प्लेगच्या गाठीचं निदान: औषध आधीच सुरू करायचं, तर पीसीआर कशाला?

चक्रपाणी

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस प्लेगच्या निदानाबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एका जागी अडकलोय. मी डॉक्टर नाही, माझी नोकरी आकडेमोडीची. त्यामुळे जाणकारांनी नीट उलगडून सांगावं.

गाठीच्या प्लेगचा संशय आला की अहवालाची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करायचं, हे सगळीकडे ठासून सांगितलंय. ते पटतंच. उपचार झाले नाहीत तर या प्लेगचे शंभरातले ३० ते ६० रुग्ण दगावतात. शिवाय प्लेगच्या जंतूवरचं एफ१ हे प्रथिन (प्रतिजन) ओळखणारी पट्टी मिळते. गाठीतून काढलेल्या द्रवात ती बुडवली की १५ मिनिटांत रेघ उमटते. वीज नको, यंत्र नको.

मग जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणाऱ्या तपासण्या (पीसीआर, लॅम्प, कार्ट्रिजवाली यंत्रं) यांच्यामागे एवढा पैसा आणि मेहनत का? निकाल येईपर्यंत औषध पोटात गेलेलं असतं. त्या निकालाने रुग्णाचं नेमकं काय बदलतं?

माझं मत: हा पैसा पट्ट्या आणि गोळ्या दूरच्या दवाखान्यांपर्यंत पोचवण्यात घालावा. चुकत असेन तर सांगा, पण कारण देऊन सांगा.

रातराणी

प्लेग अजून आहे?? मला वाटलं तो देवीसारखा कधीच संपला.

जुनापिंपळ

रातराणी, देवी फक्त माणसाला व्हायची, म्हणून ती संपवता आली. प्लेगचा जंतू रानातल्या उंदीर-खारींत आणि त्यांच्या पिसवांत राहतो, त्याला तिथून कोण हाकलणार? जागतिक आरोग्य संघटनेकडे २०१० ते २०१५ या काळात जगभरातून ३,२४८ रुग्णांची नोंद झाली, त्यातले ५८४ दगावले. मादागास्कर, काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक आणि पेरू इथे सर्वांत जास्त. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांतही वर्षाला सरासरी सातेक रुग्ण सापडतातच.

सूक्ष्मजीवी

चक्रपाणी, प्रश्न चांगला आहे. प्रयोगशाळेत काम करते, म्हणून माझ्या बाजूने सांगते.

तुम्ही म्हणता "औषध आधीच पोटात गेलेलं असतं". अहो, पीसीआर लागतो तो त्याचमुळे.

प्लेगचं पक्कं निदान म्हणजे कल्चर, जंतू वाढवून डोळ्यांनी पाहणं. प्लेगचा जंतू, येर्सिनिया पेस्टिस, मुळात संथ. त्याला २८ अंशांच्या आसपासची ऊब मानवते, आणि तरीही ४८ तास झाल्याशिवाय धड वसाहती दिसत नाहीत. नमुन्यात दुसरे जंतू असतील तर ते आधी पसरून याला झाकून टाकतात. आणि रुग्णाने दोन गोळ्या जरी घेतल्या असल्या तरी कल्चर बऱ्याचदा कोरं येतं. आता सांगा, दूरच्या गावात ताप आणि गाठ घेऊन बसलेला माणूस प्रयोगशाळेला नमुना मिळेपर्यंत गोळी न घेता थांबेल का? थांबूच नये.

पीसीआर मेलेल्या जंतूचाही डीएनए वाचतो. म्हणजे "आधी औषध, मग शहानिशा" हा क्रम ज्या तपासण्यांमुळे शक्य होतो त्यांतली ही एक. आणखी एक, डीएनए काढताना पहिल्याच पायरीला जंतू मारला जातो. त्यामुळे ट्यूब हाताळणाऱ्याचा धोका कल्चरपेक्षा खूप कमी. ज्याने प्लेगची प्लेट उघडली आहे त्याला विचारा हे किती मोठं आहे.

डॉ_साळुंकी

यंत्राच्या आधी सुईबद्दल बोलूया, कारण गाडी तिथेच अडते.

मी प्लेगचा रुग्ण पाहिलेला नाही. पण लसिकाग्रंथीत सुई घालून द्रव काढण्याचं काम वर्षानुवर्षं केलंय. प्लेगची गाठ बहुतेकदा जांघेत येते, नाहीतर काखेत किंवा मानेला. आणि दुखते इतकी की जांघेत असेल तर रुग्ण पाय दुमडून पडतो, कोणी सरळ करू लागलं तर ओरडतो. सुरुवातीला तिच्यात पू नसतो, ती टणक असते. सुई घालून ओढलं तर काहीच येत नाही. मग सिरिंजमध्ये निर्जंतुक सलाइन एक-दोन मिली घ्यायचं, ते गाठीत सोडायचं आणि तीच सुई न काढता पुन्हा पुन्हा ओढत राहायचं. शेवटी सिरिंजच्या तोंडाशी फिकट गुलाबी रंग चढतो. तेवढाच तुमचा नमुना. त्यातूनच पट्टी, त्यातूनच काचपट्टीवरचा लेप, त्यातूनच कल्चर आणि त्यातूनच पीसीआर.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: औषध *निकालासाठी* थांबवायचं नाही, पण *सुईसाठी* दहा मिनिटं थांबायला हरकत नाही. रुग्ण अगदीच खालावलेला असेल तर तेही नाही.

अनामिका७

डॉक, वाचतानाच माझा पाय आखडला. त्या रुग्णाचं काय होत असेल.

चक्रपाणी

सूक्ष्मजीवी ताई, मुद्दा कळला, पण एक खटकतं. एफ१ हे जंतूच्या आवरणातलं प्रथिन ना? जंतू मेला म्हणून प्रथिन काही लगेच नाहीसं होत नाही. म्हणजे औषध घेतलेल्या रुग्णात पट्टीही चालायला हवी. मग पीसीआरचं वेगळेपण कुठे उरलं?

सूक्ष्मजीवी

बरोबर पकडलंत. तो फायदा पट्टीलाही आहे, मी एकट्या पीसीआरच्या पदरात टाकायला नको होता.

आता खरा फरक. पट्टी एकाच गोष्टीवर बोट ठेवते. जंतू ३७ अंशांना, म्हणजे माणसाच्या अंगात, एफ१चं आवरण चढवतो. पण क्वचित असे वाण असतात ज्यांच्याकडे हे आवरणच नसतं. रुग्णाला प्लेग असूनही पट्टी तिथे कोरी राहणार. पीसीआरमध्ये एकाच वेळी दोन-तीन ठिकाणं शोधता येतात: pla नावाचं जनुक एका छोट्या प्लास्मिडवर (प्लास्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं), एफ१चं caf1 दुसऱ्या मोठ्या प्लास्मिडवर, आणि एखादा तुकडा थेट गुणसूत्रावरचा. एक हुकलं तर दुसरं सापडतं.

आणि शहानिशा म्हणजे दोन *वेगळ्या* साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगणं. पट्टी प्रथिन पाहते, पीसीआर जनुक पाहतो. मादागास्करमध्ये २०१७ च्या साथीत एकतर जंतू वाढला किंवा पट्टी आणि पीसीआर दोन्ही पॉझिटिव्ह आले, तरच रुग्ण "पक्का" धरला. नुसती पट्टी आली तर "संभाव्य". पट्टीला मी कमी लेखत नाही. गाठीच्या द्रवावर ती छान चालते. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये थुंकी तपासतात, तिथे मात्र तिचा तितका भरवसा नाही.

शून्यवेध

चक्रपाणी, आकडेमोड तुमची, म्हणून तुमच्याच भाषेत. खालचे आकडे निव्वळ समजण्यासाठी आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

समजा एक चाचणी ९५ टक्के रुग्ण बरोबर पकडते आणि ९५ टक्के निरोगींना बरोबर सोडते. ऐन हंगामात गाठ घेऊन आलेल्या १,००० जणांपैकी ३०० जणांना खरंच प्लेग आहे. चाचणी २८५ पकडेल आणि ७०० बिगरप्लेगवाल्यांतले ३५ चुकून पॉझिटिव्ह दाखवेल. ३२० मध्ये ३५ चुका, चालवून घेऊ.

आता हंगाम संपला. हजारात खरे रुग्ण १०. चाचणी ९-१० पकडेल, पण उरलेल्या ९९० मधले जवळजवळ ५० चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे "प्लेग" असा शिक्का बसलेल्या साठ जणांत पन्नास जणांना प्लेग नाहीच! तीच चाचणी, तेच हात, निकालाचा अर्थ मात्र पार उलटा. अशा वेळी दुसरी स्वतंत्र चाचणी नसेल तर एका गावावर साथीचा शिक्का बसतो. औषध देऊन टाकलं म्हणून तो शिक्का पुसला जात नाही.

जुनापिंपळ

शून्यवेध यांच्या शेवटच्या वाक्यावर १९९४ आठवलं. ऑगस्ट-सप्टेंबरात आधी बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग असल्याच्या बातम्या, मग सुरतेत फुप्फुसाचा. देशभरात ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू नोंदले गेले. किती देशांनी विमानं बंद केली, माल घेणं बंद केलं. आणि एवढं होऊनही "हा प्लेगच होता का?" हा वाद कितीतरी वर्षं चालला, कारण प्रयोगशाळेचा निर्विवाद पुरावा वेळेत हातात नव्हता. जंतूच्या डीएनएवरून तो येर्सिनिया पेस्टिसच असल्याचं दाखवणारा शोधनिबंध आला २००० साली. सहा वर्षांनी!

त्यापुढे फरक पडला. २००२ मध्ये हिमाचलात शिमला जिल्ह्यात साथ आली, १६ रुग्ण, ४ मृत्यू. तेव्हा पीसीआर हाताशी होता आणि वाद उरला नाही.

रातराणी

अवांतर होईल, पण राहवत नाही. सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या, १० मार्च १८९७. आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. तेव्हा या रोगावर औषधच नव्हतं. आज गोळी आहे, पंधरा मिनिटांची पट्टी आहे, यंत्र आहे, आणि तरी लोक मरतात हे वाचून गलबलून येतं.

जुनापिंपळ

अवांतर कसलं, याच धाग्यातलं आहे. त्याआधी तीनच वर्षं, १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिनला हा जंतू सापडला तो गाठीतच. त्याला इस्पितळात शवविच्छेदनाची परवानगी मिळेना. गवताच्या झोपडीत त्याने प्रयोगशाळा मांडली, मृतदेह पुरणाऱ्या खलाशांना पैसे देऊन शवपेट्या उघडायला लावल्या, गाठ कापली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिथे जंतूंचा नुसता लगदा. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, नमुना अजून तोच. यंत्रं तेवढी बदलली.

मृण्मयी

पीसीआरची बाजू सगळे मांडताहेत, तर मी त्याचा एक दुखरा कोपरा सांगते. रोग दुसरा होता, प्रयोगशाळेचं नाव घेत नाही.

रोज शेवटच्या खाचेत आम्ही नुसतं पाणी ठेवायचो. त्यात काहीच दिसता कामा नये. एका सकाळी पडद्यावर रुग्णांच्या रेघा वर गेल्या, आणि चौतिसाव्या चक्राच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या फेरीच्या) सुमाराला पाण्याची रेघही हळूच डोकं वर काढू लागली. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. पाण्यात जनुक कुठून येणार? आदल्या दिवशी कोणीतरी वाढवलेल्या डीएनएची ट्यूब त्याच टेबलावर उघडली होती. एका ट्यूबमध्ये कोट्यवधी प्रती. दिसत नाहीत, पण हातमोज्याला, पिपेटला, टेबलाला चिकटतात. त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द केले, टेबल ब्लीचने पुसलं, सगळे नमुने पहिल्यापासून केले. अहवालाची वाट पाहत बसलेल्या लोकांना पुन्हा थांबा म्हणून सांगायचं काम माझ्याकडे होतं. ते चेहरे अजून आठवतात.

म्हणून बंद कार्ट्रिजला मी मानते. नमुना आत टाकला की डीएनए काढणं, वाढवणं, वाचणं सगळं आतल्या आत. वाढवलेला डीएनए कधी उघड्यावर येतच नाही. छोट्या जागी, एकाच टेबलावर काम करणाऱ्यांसाठी हा फरक "तास वाचले" यापेक्षा मोठा आहे.

तांबडंफुटलं

कार्ट्रिजचं यंत्र महाग आणि नाजूक. लॅम्पबद्दल कोणीच बोललं नाही? पीसीआरला तापमान वरखाली करत राहावं लागतं, लॅम्प ६५ अंशांच्या आसपास एकाच तापमानावर तासाभरात काम उरकतो. गरम ठोकळा पुरतो, बॅटरीवर चालतो. काही संचांत रंग बदलतो तो डोळ्यांना दिसतो. कोरड्या भुकटीच्या रूपात रसायनं असली तर फ्रीजही लागत नाही. चक्रपाणी ज्या दूरच्या दवाखान्यांबद्दल बोलताहेत, तिथे हेच जाईल.

मृण्मयी

जाईल, पण जपून. लॅम्पमध्ये चार ते सहा प्राइमर (डीएनएचे छोटे तुकडे, ज्यांपासून प्रत बनायला सुरुवात होते) एकत्र असतात. ते आपसातच जुळून खोटा रंग दाखवू शकतात. आणि त्याच्या ट्यूबमध्ये प्रती पीसीआरपेक्षाही जास्त बनतात. झाकण उघडलं की माझी वरची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. झाकण न उघडता वाचता येणारा संच असेल तर माझी ना नाही.

सूक्ष्मजीवी

आणि कुठलीही पद्धत घ्या, जनुक कुठलं शोधताय ते विचारा. pla फार लोकप्रिय आहे, कारण त्या छोट्या प्लास्मिडच्या एका जंतूत अनेक प्रती असतात. थोडे जंतू असले तरी सापडतो. पण युरोपातल्या उंदरांमध्ये प्लेग नसताना pla सापडलं, दुसऱ्याच जंतूंत! सिट्रोबॅक्टरसारख्या. एकट्या pla वर "प्लेग" म्हणणं म्हणजे एकाच खुणेवरून माणूस ओळखणं. शिवाय याचा जवळचा भाऊबंद येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस याच्याशी गुणसूत्र इतकं मिळतंजुळतं की तिथलं ठिकाणही निवडून घ्यावं लागतं.

डॉ_साळुंकी

आता माझी हरकत. सगळे पॉझिटिव्हवर बोलताय. माझ्यासमोर निगेटिव्ह आला तर?

रुग्णाला १०३ ताप, जांघेत गाठ, घरात उंदीर मेलेले. यंत्र म्हणतं नाही. मी औषध थांबवू? माझी सुई गाठीच्या बाजूने गेली असेल तर? सलाइनमध्ये जंतू फारच विरळ झाले असतील तर? रक्त जास्त आलं असेल आणि त्यातल्या हिमोग्लोबिनने पीसीआरच बंद पाडला असेल तर? मी नाही थांबवणार. शून्यवेध, तुमचं गणित मला पटतं, पण ते हजार माणसांचं आहे. माझ्यासमोर एकच आहे.

शून्यवेध

डॉक, गणित एकाचंही होतं. संशय जितका दाट, तितकं निगेटिव्ह निकालाचं वजन कमी. तुमच्या उदाहरणात औषध चालूच ठेवायचं, हे गणितही तेच सांगेल. उलट ज्याच्या घराच्या आसपास महिनोन्महिने प्लेग नाही, ज्याच्या पायावर पिकलेली जखम आहे, त्याची जांघेतली गाठ निगेटिव्ह आली तर ती जखमेचीच धरून पुढे जाता येईल.

सूक्ष्मजीवी

डॉक, तुमच्या शेवटच्या दोन शंकांवर उपाय आहे. चांगल्या संचात आतला ताळा असतो. एक ओळखीचा डीएनए मुद्दाम मिसळतात. तो वाढला नाही तर यंत्र "निगेटिव्ह" म्हणत नाही, "अवैध" म्हणतं. काही जण माणसाचं जनुकही पाहतात: तेही सापडलं नाही तर सिरिंजमध्ये नुसतं सलाइनच परत आलं असं समजायचं आणि दुसरा नमुना मागायचा. सुई बाजूने जाऊन जवळचं मांस आलं असेल तर मात्र हाही ताळा फसतो. तिथे तुमचा हातच खरा.

डॉ_साळुंकी

हे माहीत नव्हतं. यापुढे अहवालात "अवैध" आणि "निगेटिव्ह" वेगळे लिहिलेत का, ते आधी बघेन.

तांबडंफुटलं

एक शंका. २०२५ मध्ये मादागास्करमधल्या औषधांच्या चाचणीचा निकाल आला ना, की दहा दिवस नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या या इंजेक्शन आणि मग गोळ्या या जुन्या उपचारापेक्षा कमी पडत नाहीत? मग तर चक्रपाणी यांचाच मुद्दा बळकट होतो. इंजेक्शनची भानगड नाही, गोळ्या द्या आणि मोकळे व्हा.

सूक्ष्मजीवी

तो निकाल मोठाच आहे, गाठीच्या रुग्णांना रोज सुया टोचायला नकोत. पण तो हाती आला कसा? संशयावरून सामील केलेल्या बऱ्याच जणांना प्लेग नव्हताच, हे प्रयोगशाळेने ठरवलं. ते गाळले नसते तर दोन्ही गटांत "बरे झाले" म्हणून भलतेच रुग्ण मोजले गेले असते, आणि कुठलंही औषध चांगलंच दिसलं असतं. औषध काम करतं की नाही हे कळायला आधी रोग तोच होता हे कळावं लागतं.

आणि कल्चर मोडीत काढू नका. १९९५ साली मादागास्करमध्येच एका सोळा वर्षांच्या मुलाच्या गाठीतून निघालेला जंतू स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशा कितीतरी औषधांना दाद देत नव्हता. हे प्लेटवर वाढवलं म्हणून कळलं. नेहमीचा पीसीआर सांगतो "प्लेग आहे". कुठली गोळी चालेल हे तो सांगत नाही.

चक्रपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

"निकालाने रुग्णाचं काय बदलतं" हा प्रश्न मी एका रुग्णापुरता विचारला होता. पहिल्या दिवशी फारसं बदलत नाही, हे माझं मत डॉक्टरांनी एका परीने पक्कंच केलं. पण ज्याची गाठ प्लेगची नाही त्याचं खरं निदान लांबणं, गावावर शिक्का बसणं, घरच्यांना औषध द्यायचं की नाही, औषध लागू पडतंय की नाही, हे सगळं त्या निकालावर लटकलेलं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. १९९४ चं उदाहरण तर डोळे उघडणारं.

एक आग्रह मात्र सोडत नाही. निकाल तासाभरात येतो म्हणताना तास मोजायला कुठून सुरुवात करता? यंत्रात टाकल्यापासून. रुग्णाच्या अंथरुणापासून मोजा. नमुना दोन दिवस वाटेत असेल तर चाचणी दोन दिवसांची आहे, तासाची नाही. म्हणून दवाखान्यात पट्टी हवीच, आणि यंत्र राजधानीत ठेवण्यापेक्षा जिल्ह्याला ठेवावं.

सूक्ष्मजीवी

याला शंभर टक्के अनुमोदन. वाटेसाठी कॅरी-ब्लेअर माध्यमात नमुना ठेवला तर कल्चरचीही आशा राहते. डीएनए तर त्याहून चिवट.

अनामिका७

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: रुग्ण बरा झाला का हे बघायला पुन्हा पीसीआर करतात का?

डॉ_साळुंकी

नाही, अनामिका. वर आलंय तसं तो मेलेल्या जंतूचाही डीएनए दाखवतो, त्यामुळे बरा झालेला माणूसही पॉझिटिव्ह येऊ शकतो. ताप बघायचा. उपचार लागू पडला तर तो काही दिवसांत उतरतो. गाठ मात्र लगेच जात नाही, औषध संपल्यावरही काही आठवडे राहू शकते, कधी पिकून फुटते. त्यामुळे घरी सोडताना रुग्णाला आणि घरच्यांना हात लावून दाखवायचं: ही एवढी गाठ राहील, घाबरू नका, पण ताप परत आला तर त्याच दिवशी या.